गाडी टायर आतून खात होती

"मागून काहीतरी घुमतंय गं," असं बाबा तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा मी गाणी बंद केली. साठच्या वर वेग गेला की एक बारीक घूंऽऽ ऐकू यायची आणि वेग वाढेल तशी तिची पट्टीही चढायची. मी दोन महिने ती रस्त्याची खरखर समजत होते. आमची गाडी म्हणजे तीन रांगांची, अडीच टनांच्या घरातली, एअर सस्पेन्शनवर, म्हणजे स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्यांवर, चालणारी मोठी एसयूव्ही. तिच्यात बाहेरचा आवाज फारसा आत येतच नाही, त्यामुळे जो येतो त्याकडे लक्ष द्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टायर पाहिले. उभ्याने पाहिलं तर चारही टायर छान दिसत होते, खाचा बऱ्यापैकी खोल. मग मोबाईलवर व्हिडिओ सुरू करून हात मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला नेला. तो व्हिडिओ पाहून मी पायरीवर बसले. मागच्या डाव्या टायरची आतली तीन बोटं रुंदीची पट्टी जवळजवळ गुळगुळीत होती. याच गाडीतून मी आईबाबांना पावसात हमरस्त्यावरून नेऊन आणलं होतं. पुढचे कितीतरी दिवस ते डोक्यातून जात नव्हतं.

त्या दिवसापासून चारही नवे टायर बसेपर्यंत सव्वीस दिवस गेले. त्यात काय विचारायचं, कुठे थांबायचं, कुठे नाही म्हणायचं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिलं काम मोजणीचं. खाचेची खोली मोजायचं छोटं गेज मिळतं, ते घ्याच. प्रत्येक टायर तीन ठिकाणी मोजायचा: बाहेर, मध्ये, आत. रस्त्याच्या टायरची नक्षी नवी असताना साधारण ८ मिलीमीटर खोल असते. अनेक देशांत १.६ मिलीमीटर ही कायद्याची खालची मर्यादा आहे, आणि मुख्य खाचांच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात ते याच उंचीचे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. ओल्या रस्त्यावरची पकड मात्र त्याच्या बरीच आधी, ३ मिलीमीटरच्या आसपासच ढासळायला लागते, कारण खाचांना पाणी बाहेर फेकायला जागा उरत नाही. माझे आकडे असे होते: पुढच्या दोन्ही टायरांना बाहेर ४.५, आत ३. मागच्या उजव्याला बाहेर ४, आत २. मागच्या डाव्याला बाहेर ४ आणि आत १.२. गाडी ३८,००० किलोमीटर चाललेली.

हातमोजा घालून टायरवरून हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत लागायचं आणि उलट दिशेने आरीचे दात लागावेत तसं खरखरायचं. घुमण्याचा उगम तिथेच होता.

गाडी तशीच उभी ठेवली. तिसऱ्या दिवशी सावकाश, कोरड्या रस्त्यावरून, घराजवळच्या अलाइनमेंटवाल्याकडे, म्हणजे चाकांची दिशा जुळवून देणाऱ्याकडे, नेली, एवढाच प्रवास. आधी थेट टायरच्या दुकानात जायचं माझ्या मनात होतं. तसं केलं असतं तर चार महागडे टायर वर्षभरात पुन्हा आतून खाल्ले गेले असते.

अलाइनमेंट करणाऱ्या दादांनी चाकांना पट्ट्या लावल्या, पडद्यावरचे आकडे दाखवले आणि म्हणाले, "ताई, टायरचा दोष नाही. गाडी आतून टायर खातेय." मागचं डावं चाक पुढच्या अंगाने किंचित बाहेर वळलेलं होतं. पावलं फाकवून चाललं की चप्पल ठरावीक कडेलाच झिजते, तसंच हे. चाक गाडीबरोबर सरळ जातं खरं, पण प्रत्येक मीटरला थोडं घासटत जातं आणि आतली कड सोलली जाते. चाक वरून आत कललेलं असणं, म्हणजे कॅम्बर, हेही कारण असतंच. मोठ्या गाड्यांना तो थोडा मुद्दाम दिलेला असतो. पण चाकाची दिशा चुकली तर टायर त्याहून फार लवकर जातो. खाली उतरून पाहिल्यावर मागच्या कंट्रोल आर्मचा, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्याचा, एक रबरी बुश फाटलेला निघाला. तो बदलल्याशिवाय अलाइनमेंट टिकणार नव्हतं. बुश मागवायला दोन आठवडे लागतील असं कळलं.

एअर सस्पेन्शनवाल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. अलाइनमेंटच्या वेळी गाडी कंपनीने ठरवलेल्या उंचीवरच असली पाहिजे. ती वर किंवा खाली असेल तर कॅम्बर बदलतो आणि मशीनवरचे आकडे हिरवे दिसले तरी रस्त्यावर ते खरे नसतात. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही छापील अहवाल मागून घ्या. मी तो पहिला कागद घडी करून गाडीच्या कप्प्यात ठेवला आणि पुढे तीन ठिकाणी त्याचा उपयोग झाला.

आता टायर. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. त्यावर टायरचं माप, हवेचा दाब आणि गाडीच्या प्रकारानुसार प्रत्येक आसावर (ॲक्सलवर) किती वजन चालतं ते दिलेलं असतं. काही गाड्यांत दाबाची माहिती इंधनाच्या झाकणाच्या आत असते. आमच्या गाडीचं माप २७५/५० आर २० ११३ डब्ल्यू, एक्सएल. २७५ म्हणजे मिलीमीटरमध्ये रुंदी. ५० म्हणजे टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या ५० टक्के. आर म्हणजे रेडियल आणि २० ही रिमची इंचातली मापणी. इतपत बहुतेकांना ठाऊक असतं. खरा घोळ पुढच्या ११३ डब्ल्यूवर होतो.

११३ हा भार निर्देशांक आहे: एक टायर ठरलेल्या दाबाला ११५० किलो वजन पेलू शकतो. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. एच असेल तर २१०, व्ही असेल तर २४०. एक्सएल म्हणजे जास्त भाराची बांधणी, जी जास्त दाबावर चालते. पहिल्या दुकानात मला याच मापाचा पण १०९ एच टायर दाखवला. किंमत जवळजवळ दोन-तृतीयांश आणि माल लगेच हजर. विक्रेत्याने हिशेबही मांडला: १०९ म्हणजे १०३० किलो, दोन टायरांचे २०६०, तुमच्या मागच्या आसाची मर्यादा १९००, मग अडचण काय?

हिशेब बरोबर होता, म्हणून मी तिथे उभी राहून दहा मिनिटं खरंच विचार करत होते. पण गाडी दुकानात उभी राहायला घेतलेली नसते. वळणावर वजन एका बाजूच्या चाकांवर जातं, ब्रेक लावला की पुढे धावतं, खड्ड्यात एकच चाक सगळा धक्का खातं. सात माणसं, सामान आणि तापलेला रस्ता असताना गाडी बनवणाऱ्याने ठेवलेली ती ४०० किलोंची मोकळीक आहे. ती कमी करून १६० वर आणायची आणि बदल्यात थोडे पैसे वाचवायचे, हे मला पटलं नाही. वेगाचंही तसंच. मी आयुष्यात २७० ने जाणार नाही, पण ते अक्षर टायर उष्णता किती सहन करतो हेही सांगतं. रुंदी थोडी इकडेतिकडे करण्यावर लोक तासन् तास बोलतात. भाराचा आकडा स्टिकरपेक्षा खाली नको, यावर बोलणारे फार कमी भेटले.

त्याच दुकानात दुसरा सल्ला मिळाला की फक्त मागचे दोनच बदला, पुढच्यांत अजून जीव आहे. इंजिनची ओढ दोनच चाकांना असलेल्या गाडीला मीही हो म्हटलं असतं, आणि नवे दोन मागेच लावले असते, कारण ओल्या रस्त्यावर मागची बाजू सटकली तर सावरणं फार अवघड. पण आमची गाडी चारही चाकांवर ओढणारी. साडेतीन मिलीमीटर जास्त झिजलेल्या टायरचा घेर नव्यापेक्षा साधारण २२ मिलीमीटरने कमी भरतो. ऐकायला काहीच नाही. पण २.४६ मीटर घेराच्या चाकाला दर शंभर किलोमीटरमागे साडेतीनशेच्या वर जादा फेऱ्या माराव्या लागतात, आणि पुढच्या-मागच्या आसांतला हा फरक ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही आसांना वाटणारी पेटी, सतत झेलत राहते. किती फरक चालतो ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. टायर वाचवायला जाऊन ट्रान्सफर केस घालवणं परवडत नाही.

मग कुठल्या जातीचा टायर? मनातून मला जाड गोट्यांचा ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणारा टायर, हवा होता. मोठ्या गाडीला तो शोभतो, हे मी मान्य करते. ते ठरवण्याआधी मात्र एक काम केलं आणि ते सगळ्यांना सुचवेन. गेल्या वर्षभरातले सगळे लांबचे प्रवास वहीत लिहून काढले. कच्च्या रस्त्याचे मिळून साठ किलोमीटरही झाले नाहीत. बाकी सगळं डांबर आणि काँक्रीट. अशा वापराला ऑल-टेरेन घेतला तर रोज आवाज जास्त, इंधन जास्त, ओल्या डांबरावर थांबायला अंतरही सहसा जास्त. ज्यांच्या वाटेवर खरोखर दगडमाती आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. अशा रस्त्यांवर रस्त्याच्या टायरची बाजू सहज फाटते. बर्फाच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी फक्त एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) या अक्षरांवर विसंबू नये. डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असेल तर तो टायर बर्फावर चाचणी होऊन आलेला असतो. एम प्लस एसला तशी चाचणी लागत नाही.

टायरवर ट्रेडवेअरचा एक आकडा असतो, ३००, ४००, ६०० असा. जास्त म्हणजे जास्त टिकाऊ, हे ढोबळमानाने खरं. पण तो आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो ठीक. दोन कंपन्यांमध्ये त्यावर पैज लावू नका. त्याच्या शेजारचं ट्रॅक्शनचं अक्षर ओल्या पृष्ठभागावरच्या पकडीचं, एए सर्वांत वरचं. युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरवर ए ते ई श्रेणींचं लेबल असतं आणि त्यात ओल्या रस्त्यावरची पकड, इंधन आणि बाहेरचा आवाज असे तिन्ही दिसतात. मी ओल्या रस्त्याची श्रेणी आधी पाहिली, बाकी नंतर.

सर्वांत जास्त दिवस रन-फ्लॅटचा, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणाऱ्या टायरांचा, विचार करण्यात गेले. आमच्या गाडीला मुळातच रन-फ्लॅट होते आणि स्टेपनी नाही. ज्याला विचारावं तो म्हणे, काढून टाका, साधे बसवा, गाडी लोण्यासारखी चालेल. यात तथ्य आहे. रन-फ्लॅटच्या बाजू जाड आणि कडक असतात, टायर जड असतो, छोटे खड्डे अंगाला लागतात, किंमत जास्त, आणि पंक्चरनंतर हवा नसताना चालवला असेल तर तो दुरुस्त करायला बहुतेक ठिकाणी नकार मिळतो. तशीच गाडी साध्या टायरांवर चालवणाऱ्या एका मैत्रिणीकडे गेलो. बाबांना मधल्या रांगेत बसवलं आणि अर्धा तास फिरवलं. त्यांच्या गुडघ्याला फरक जाणवला, हे त्यांनी लगेच सांगितलं.

तरीही मी रन-फ्लॅटच घेतले. हवा पूर्ण गेली तरी असा टायर साधारण ८० किलोमीटर अंतर, ताशी ८० च्या आत, गाडीला नेतो. साध्या टायरबरोबर जे दुरुस्तीचं किट मिळतं त्यातला डिंक नक्षीतलं छोटं भोक बुजवतो. बाजू फाटली तर त्याचा काही उपयोग नाही. रात्री अकरा वाजता हमरस्त्याच्या कडेला दोन म्हाताऱ्या माणसांना घेऊन मदतीची वाट पाहण्यापेक्षा थोडे धक्के मला चालतील. बाबाच म्हणाले, "गुडघ्याखाली उशी घेता येईल. अंधारात उभं राहायला नको." एकट्याने किंवा शहरातल्या शहरात गाडी वापरणाऱ्याने वेगळं ठरवलं तर ते अगदी योग्य ठरेल. मात्र एकाच गाडीला दोन रन-फ्लॅट आणि दोन साधे असं करू नका.

दहाव्या दिवशी ऑर्डर दिली. जुन्या टायरच्या बाजूवर गाडी बनवणाऱ्या कंपनीची खूण होती. मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ, बीएमडब्ल्यूसाठी तारा, पोर्शेसाठी एन आणि पुढे आकडा, अशा या खुणा असतात. त्याच नावाचा, पण बिनखुणेचा टायर आतून थोडा वेगळा असू शकतो, कारण खुणेचा टायर त्या गाडीच्या मागणीप्रमाणे बनवलेला असतो. बिनखुणेचा बसत नाही असं नाही. मुद्दा हा की चारही एकाच खुणेचे किंवा चारही बिनखुणेचे असावेत. मला खुणेचेच हवे होते, म्हणून बारा दिवस थांबावं लागलं. चौथा हिस्सा आगाऊ भरला आणि पावतीवर पूर्ण माप, भार निर्देशांक, खूण आणि "एक वर्षाच्या आतलं उत्पादन" हे शब्द लिहून घेतले.

ते शेवटचे शब्द उपयोगी पडले. बाविसाव्या दिवशी टायर आले. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहायचे: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असतो, म्हणून दोन्ही बाजू बघाव्या लागतात. तीन टायरांवर ३१२४ होतं, म्हणजे २०२४ चा ३१ वा आठवडा. चौथ्यावर ०९२२. दुकानदार म्हणाले की नीट साठवलेला टायर खराब होत नाही, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण बरेच उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कशीही असली तरी बदल, असं सांगतात. त्यातली अडीच वर्षं मी गोदामात का घालवू? शांतपणे पावती पुढे केली. त्यांनी वाद घातला नाही, चौथा बदलून द्यायला चार दिवस मागितले. या मधल्या काळात बुशही येऊन बसला होता.

सव्वीसावा दिवस पूर्ण तिथेच गेला. घाई असेल त्या दिवशी हे काम ठेवू नका. एअर सस्पेन्शनची गाडी उचलण्याआधी तिचा जॅक मोड लावायला मीच सांगितलं. नाहीतर चाकं लटकल्यावर गाडी स्वतःची उंची सावरायला बघते. रन-फ्लॅट रिमवर चढवायला मदतीचा हात असलेलं मशीन लागतं, ते आहे ना हे आधी फोनवर विचारलं होतं. हवेच्या सेन्सरचे वॉशर, सील आणि व्हॉल्व्हचा आतला भाग नवे टाकून घेतले. त्यांची किंमत एका टायरच्या तुलनेत नगण्य असते, पण पुढे जुना सील गळला तर टायर पुन्हा उतरवावा लागतो.

टायरच्या ज्या बाजूला बाहेरची बाजू असं इंग्रजीत कोरलेलं असतं ती बाहेरच आली का, हे चारही चाकांवर स्वतः वाचलं. मग बॅलन्सिंग, आणि शेवटी अलाइनमेंट. नट आवळायला मुलाने हवेची गन घेतली तेव्हा टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, मागितला. आमच्या मॅन्युअलमध्ये १५० न्यूटन मीटर दिलं आहे, तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल. हवाही त्याने चारही चाकांत सरसकट ४२ भरली होती. टायरच्या बाजूवर लिहिलेला दाब हा त्या टायरचा कमाल दाब असतो, तो गाडीसाठी नसतो. स्टिकरवर कमी आणि पूर्ण भारासाठी दोन वेगळे आकडे आहेत आणि ते थंड टायरचे आहेत. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, घरच्या गेजने पुन्हा नीट केली आणि मगच स्क्रीनवर सेन्सर रीसेट केले.

बिलावर चारही टायरांचे पूर्ण क्रमांक लिहून घेतले. हमीचा कागद दुकानाच्या शिक्क्यासह घेतला आणि कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदणी त्याच रात्री केली. ही हमी बनावटीच्या दोषाची असते. खड्ड्यात आपटून बाजूला फुगा आला तर ती सहसा लागू होत नाही. खर्चाचं म्हणाल तर एकूण रकमेचे दहा भाग केले, तर आठ भाग टायरांचे, दीड भाग बुश आणि त्याच्या मजुरीचा, उरलेल्यात अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि सील.

इतकं करूनही पहिल्याच लांबच्या फेरीत शंभरच्या आसपास स्टीअरिंग थरथरलं. फार निराश वाटलं. परत गेले. त्यांनी टायरवर भार देऊन मोजणाऱ्या मशीनवर चाकं फिरवली, पुढचा उजवा टायर रिमवर थोडा फिरवून पुन्हा बसवला, आणि थरथर गेली. वेगळे पैसे घेतले नाहीत. नट त्याच भेटीत पुन्हा तपासून झाले. नव्या चाकांचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर एकदा तपासायचेच असतात. पहिले काहीशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि झटक्याची वळणं टाळली, कारण नव्या रबरावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रावाचा अंश राहतो आणि तो घासून जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही.

काल २,००० किलोमीटर पूर्ण झाले. गेज घेऊन पुन्हा बसले, तीन ठिकाणी, चारही टायर. मागचा डावा: बाहेर ७.८, मध्ये ७.८, आत ७.८. आकडे वहीत लिहिले, तारीख घातली आणि बाबांना हाक मारून ते पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून तिन्ही आकडे मोठ्याने वाचले.